साडी उभी लावायची की आडवी?

सातारा,
रविवार, सकाळ

चि. ओंकार,


काल फोनवर मी हसले त्याचा राग धरू नकोस. दोन खिडक्या आणि बाल्कनीचं एक दार, एवढ्याला पडदे लावायचे सव्वीस हजार म्हटल्यावर हसू नको तर काय करू? दुकानातला मुलगा घरी येऊन लाल ठिपक्याच्या यंत्राने मापं घेऊन गेला, टॅबवर तुझ्याच खिडकीला राखाडी पडदे लावून दाखवले, आणि तू निम्मा होकार देऊन बसलास. भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार, त्यात भिंतीला भोक पाडायचं नाही ही मालकांची अट. पेलमेट काय हवेत ठोकणार होता तो? तेवढं तरी विचारायचंस. पुढचं बोलणार तर तुझं ‘आत्या, एक कॉल आलाय’ सुरू झालं. म्हणून लिहिते. गाळून वाचू नकोस, मापं मध्येच कुठेतरी आहेत.

या शनिवारी काहीही विकत आणू नकोस. खुर्ची घे, चहा घे आणि खिडकीपाशी बस. ऊन किती वाजता आत येतं, कुठल्या फरशीपर्यंत पोचतं, समोरच्या इमारतीतून कोणाची बाल्कनी थेट तुझ्या हॉलमध्ये बघते, ते कागदावर लिहून काढ. लोक पडदे घेताना रंग आधी ठरवतात, सोफ्याला जुळतो का बघतात, आणि मग वर्षभर दुपारी चारला दिवे लावून बसतात. पडदा कशासाठी हवाय ते आधी कळलं पाहिजे. हॉलला नजर अडवायची आहे पण उजेड हवा आहे. बेडरूमला अंधार हवा आहे, कारण तू रात्रपाळीनंतर सकाळी झोपतोस. आणि बाल्कनीचं दार पश्चिमेला आहे, तिथे तुझं खरं भांडण उन्हाशी आहे. तिघांनाही तो मुलगा एकच राखाडी कापड लावायला निघाला होता.

आम्ही गिरगावात चाळीत वाढलो हे तुझ्या बाबाने तुला शंभर वेळा सांगितलं असेल. पडद्यांचं मात्र सांगितलं नसेल. चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. दार लावलं की शेजारी विचारायला यायचे, ‘बरं नाही का कोणाला?’ दार सताड उघडं आणि त्यावर पडदा. पडदा वर दाराच्या कडीला खोचलेला असला की या बसा, सोडलेला असला की आत कोणीतरी झोपलंय किंवा कपडे बदलतंय. लहान मुलांनाही ही भाषा कळायची. गॅलरीतल्या खिडकीला अर्धा पडदा असायचा, खालच्या निम्म्या भागाला. येणारा-जाणारा आत बघू शकायचा नाही, आणि वरच्या उघड्या भागातून वारा नि उजेड येत राहायचा. दोन बाजूंना दोन हुक आणि त्यांच्यामध्ये ताणलेली प्लास्टिक चढवलेली स्प्रिंगची तार. ती खिडकीच्या मापापेक्षा थोडी आखूड कापायची असते, म्हणजे ताण राहतो. तुझ्या बाबाने एकदा ती बरोब्बर मापाला कापली. आठवड्यात मधोमध झोळ आला आणि समोरच्या काकूंना आमच्या घरातलं सगळं व्यवस्थित दिसायला लागलं. आईने तार बदलायला पैसे दिले नाहीत, मधल्या गजाला एक खिळा वाकवून अडकवला. तो खिळा चाळ पाडेपर्यंत होता.

ते पडदे सगळे साड्यांचे. पडद्याचं कापड म्हणून वेगळं काही असतं हे मला लग्नानंतर कळलं. साडी आधी नेसायची, विरली की पडदा, पडदा फाटला की गोधडीत, आणि उरलेल्या चिंध्या पुसायला. पडदा ही साडीच्या आयुष्यातली मधली नोकरी. आता मुद्द्यावर येते.

साडी साधारण साडेपाच मीटर असते, म्हणजे २१६ इंच. पन्हा ४५-४६ इंच. तुझ्या हॉलची खिडकी तू सांगितलीस तशी सहा फूट रुंद, चार फूट उंच, म्हणजे ७२ बाय ४८. पडद्याला चुण्या पडायला हव्यात, नाहीतर तो दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलसारखा दिसतो. त्यासाठी कापडाची रुंदी खिडकीच्या दीडपट तरी हवी, दुप्पट असली तर उत्तम. ७२ ची दुप्पट १४४. साडीचा पन्हा ४६ धरला तर तीन तुकडे शेजारी शेजारी लावले की १३८ होतात, भागतं. उंचीला ४८ अधिक वर नेफ्याला तीन इंच आणि खाली दुमडायला तीन, असा ५४ इंचांचा एकेक तुकडा. आता २१६ ला ५४ ने भाग. बरोबर चार! तीन हॉलला, चौथा स्वयंपाकघराच्या खिडकीला. कापड काही वाया नाही. नऊवारी असती तर सहा तुकडे निघाले असते. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण भागाकाराचं इतकं समाधान फळ्यावर कधी मिळालं नाही.

असे कापलेस तर काठ दोन्ही बाजूंना उभे येतात, आणि ती साडीची मूळ किनार असल्यामुळे तिचे धागे सुटत नाहीत. बाजूची शिवण करायचीच नाही. फक्त वर नेफा आणि खाली दुमड. पदराचा तुकडा स्वयंपाकघराला लाव. मात्र गॅस खिडकीखालीच असेल तर तिथे पडदा लावूच नकोस. काच दुधी कागदाने झाक. हौसेपायी आग नको.

दुसरी रीत आडवी. साडी कापायचीच नाही. तिचा पन्हा हीच पडद्याची उंची आणि तिची लांबी रॉडवर पसरायची. रॉड खिडकीच्या चौकटीत वरून इंचभर खाली बसवला, त्याला चिमट्याच्या रिंगा घातल्या आणि वरच्या काठाला चिमटे लावले की ४६ इंचांची साडी बरोबर खालच्या कट्ट्याला टेकते. ७२ इंचांवर २१६ इंच म्हणजे तिप्पट चुण्या. जाड कापडाला हे फार होईल, पातळ वायलला शोभून दिसतं. वर एक काठ, खाली एक काठ, मध्ये नुसत्या चुण्या. एक टाका नाही. आणि मन बदललं तर चिमटे काढायचे, धुवायची, इस्त्री करायची, परत साडी.

कुठली साडी चालते? सुती आणि वायल उत्तम. मी एकदा गोव्यात मडगावच्या बाजूला एका जुन्या घरात गेले होते. तिथल्या खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे बसवलेले. बाहेर रणरणतं ऊन आणि आत दुधासारखा उजेड, सावल्यांना कडाच नाहीत. घरी येऊन मी पहिल्यांदा पांढरी वायल खिडकीला लावून बघितली. अगदी तसंच नाही, पण त्या जातीचा उजेड येतो. कृत्रिम रेशमाच्या चकचकीत साड्यांना उन्हात एक वास येतो, त्या नकोत. आणि खरं रेशीम तर मुळीच नको. ऊन रेशमाला खातं, वर्ष-दोन वर्षांत घडीवरून चिरा पडतात. तुझ्या आईची पैठणी लावायचा विचार चुकून तुझ्या मनात आला असेल तर तो तिला सांगूही नकोस.

बेडरूम सोपी आहे. चार बाय चारची खिडकी. एक गडद रंगाची डबल बेडची जुनी चादर घे, नेव्ही ब्लू असली तर फारच छान. ती साधारण ९० बाय १०० इंच असते. १०० ची बाजू मधोमध दुमड, दोरीवर टाकतो तशी. वरच्या घडीपासून दोन इंच खाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टीप मार. झाला नेफा. त्यातून रॉड घाल. चादर दुहेरी पडते, रुंदीला खिडकीच्या जवळजवळ दुप्पट, उंचीला ५० इंच, खाली दोन इंच दुमडून घे. कात्री लागतच नाही. उजेड येतो तो बहुतेक बाजूच्या फटींतून येतो, कापडातून नाही, म्हणून दोन्ही टोकं चौकटीला टाचणीच्या मापाचे हुक चिकटवून अडकव. बाजारात ‘ब्लॅकआउट’ म्हणून जे विकतात ते याहून जास्त अंधार करतं हे मी मान्य करते. पण तुला झोपायचं आहे, फोटो धुवायचे नाहीत.

आता ऊन. तुझ्या बाल्कनीचं दार चार ते साडेसहा भाजून निघतं असं तू म्हणालास. आत कितीही जाड पडदा लाव, तोपर्यंत ऊन काचेतून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि मग तोच खोली तापवतो. उन्हाला काचेच्या बाहेर अडवलं पाहिजे. म्हणून जुन्या घरांतून ओटीला, पडवीला बांबूच्या काड्यांचे चिक असायचे, ते बाहेरून. बाल्कनीच्या छताला कपडे वाळत घालायच्या दांडीचे हुक असतीलच, त्यांना एक चिक बांध. गुंडाळून वर बांधायची दोरी असते तिची गाठ उंच ठेव. कधी कोणाचं लहान मूल घरी आलं तर लोंबता फास नको. पावसाळ्यात उतरवून ठेव, नाहीतर बुरशी येते. नागपूरला तुझ्या मामीकडे वाळ्याचे पडदे होते, त्यांवर पाणी मारलं की गार वारा आणि तो वास. पण ते कोरड्या हवेचं काम. एप्रिलमध्ये पुण्यात चालून जाईल, मुंबईत नुसती ओल होते.

दाराच्या आतल्या बाजूला आधीच्या भाडेकरूचा रॉड आहे म्हणालास ना, त्याला मांजरपाट लाव. पांढरटसर, कोरा, न धुतलेला मांजरपाट हे माझ्या मते पडद्याचं सगळ्यांत गुणी कापड. स्वस्त, जाडसर, पडतं सरळ. मी इथे परवाच ७० रुपये मीटरने आणला, पुण्यात रविवार पेठेत याच आसपास मिळायला हवा. तिथेच बोहरी आळीत रिंगा, हुक, रॉड सगळं मिळतं. एकदाच चक्कर मार. सात फुटी दार म्हणजे ८४ इंच, अधिक सहा, ९० चा एक तुकडा. तीन तुकड्यांना २७० इंच, सात मीटरला थोडं कमी. तू साडेसात घे. का, ते सांगते.

लग्नानंतर कराडच्या बिऱ्हाडी मी पहिल्यांदा मांजरपाटाचे पडदे शिवले. मापं चोख, टीप सरळ, सासूबाईंनीसुद्धा नाव ठेवलं नाही. दिवाळीच्या आधी धुतले आणि परत लावले तर खिडकीच्या कट्ट्याच्या चार बोटं वर! शाळकरी मुलाच्या गेल्या वर्षीच्या पँटसारखे. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि मी न भिजवता कापलं होतं. रात्री रडले थोडी. मग सकाळी एका फाटक्या इरकलीचे काठ उसवले आणि प्रत्येक पडद्याला खाली जोडले, तांबडे, चार बोटं रुंद. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारत होत्या, ही कल्पना कुठे पाहिलीत? मी म्हटलं, मासिकात. तर बाबा, कापड आणलंस की आधी रात्रभर पाण्यात बुडव, पिळू नकोस, सावलीत वाळव, इस्त्री कर, आणि मगच मापं घे. जुनी साडी मात्र शेकडो वेळा धुतलेली असते, ती जेवढी आटायची तेवढी आटून बसलेली.

रॉडचं. भोक पाडायचं नाही ना, मग आत स्प्रिंग असलेला, फिरवून लांब होणारा दाबाचा रॉड मिळतो. चौकटीच्या दोन भिंतींमध्ये तो स्वतःच्या ताणावर बसतो, टोकांना रबर असतं. खिडकीच्या मापापेक्षा इंचभर लांब कर आणि दाबून बसव. चार फुटांना निर्धास्त, सहा फुटांना फक्त हलकं कापड. सहा फुटांवर सोलापुरी चादर टांगलीस तर रात्री दोन वाजता सगळं खाली येईल आणि तू मला फोन करशील. चिकटवायचे हुक रंगवलेल्या भिंतीवर लावू नकोस, निघताना पापुद्रा घेऊन निघतात. संगमरवरी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर चालतात.

शिवायला मशीन नाही, ही काही अडचण नाही. सुईत दुहेरी दोरा, आधी कच्चा धावदोरा, मग तुरपाई. दोन इंचांत आठ-दहा टाके पडले तरी पडद्याला पुष्कळ. इस्त्रीने चिकटणारी टेप मिळते तीही चालते, पण दोन-चार धुण्यांत सुटते, मग शेवटी सुईच. कॉलवर असताना शिव. तुझ्या मीटिंगा मी ऐकल्या आहेत, एका मीटिंगमध्ये एक पडदा सहज होईल.

पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या दुमडीच्या कोपऱ्यात वजन घालतात. मी एकदा हुशारी करून लोखंडी वायसर घातले. पहिल्या धुण्याला प्रत्येक कोपऱ्यावर गंजाचं गोल कुंकू उमटलं, आणि गंजाचे डाग सहजी जात नाहीत. तुझ्या बाबाने जुनी दहा पैशांची नाणी सुचवली. ती ॲल्युमिनियमची, फुंकरीने उडणारी! रुपयाचं स्टीलचं नाणं घाल, एका कोपऱ्यात दोन.

सजावटीचं तुला मुद्दाम शेवटी सांगते, कारण आधी सांगितलं असतं तर तू तिथूनच सुरुवात केली असतीस. मांजरपाट तसाच लावलास तरी देखणा दिसतो. पांढरा खटकत असेल तर कोऱ्या चहाच्या उकळत्या पाण्यात बुडव, सायीचा रंग येतो. लोखंडी कढईत करू नकोस, चहा नि लोखंड मिळून करडं-काळपट होतं. (तो रंगही मला आवडतो, पण आधी एक चिंधी बुडवून बघ.) हळदीच्या वाटेला जाऊ नकोस. पहिल्या दिवशी सोनं, महिन्याभराच्या उन्हात फिकट. पिवळाच हवा तर डाळिंबाच्या साली उकळून, कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढून त्यात बुडव. तो टिकतो.

आणि भेंडी. तुला आठवतं का, तू दुसरीत होतास, सुट्टीत इथे आला होतास, आणि मी भेंडीचं जाड देठाकडचं टोक कापून तुला ठसे मारायला दिले होते? पाच पाकळ्यांची फुलं. तू पानभर मारलीस, मग भिंतीवर मारलीस. कपड्याच्या रंगात बुडवून तेच पडद्याच्या खालच्या वीतभर पट्ट्यात मार. भेंडी कापल्यावर चिकट असते, दहा मिनिटं वाऱ्यावर सुकू दे, नाहीतर फुलाला शेपट्या येतात. ठसे ओळीत मारायचा अट्टहास करू नकोस. रंग एक दिवस वाळू दे, मग उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरव, म्हणजे धुण्यात जात नाही. दिवसा पडदा बाजूला सारून बांधायला जुन्या बांगड्या चालतात. तुझ्याकडे नसणार, मी चार घालते.

या सगळ्याला दोन रॉड, चिक, मांजरपाट, रिंगा धरून माझ्या हिशेबाने अडीच-तीन हजार होतात. उरलेल्या पैशांत तू एक बरी गादी घे. सध्याच्या गादीवर मी दिवाळीत एक रात्र झोपले आहे.

पार्सल मंगळवारी एसटीने टाकते, स्वारगेटला उतरवून घे. त्यात हिरव्या डब्यात सुया, तीन रंगांचे दोरे आणि टेप आहे. बांगड्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आहेत, झटकून फेकू नकोस. सगळ्यांत खाली आजीची आकाशी वायल आहे, पांढऱ्या बारीक काठाची. चाळीतल्या कुठल्याच खिडकीला ती कधी गेली नाही, कारण आई म्हणायची, ही अजून नेसायची आहे. मग नेसायची राहूनच गेली आणि माझ्या कपाटात पंधरा वर्षं पडून आहे. हॉलच्या खिडकीला लाव. उभी लावायची की आडवी ते तुझं तू ठरव, दोन्हींचा हिशेब वर दिला आहे. कात्री मी डब्यात घातली होती, मग काढून ठेवली. लागली तर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळेल.

लावून झाल्यावर संध्याकाळी पाचच्या सुमारास फोटो पाठव, दिवा न लावता.

तुझी,
आत्या